दुकान म्हणजे घर नव्हे

मंगळवार, दुपार

भिंगरे,

सगळ्यात आधी आली ती समोरची शिंपीण. तिच्याशिवाय कोण येणार आधी? गळ्यात टेप, हातात कात्री तशीच, आणि धापा टाकत सांगते, "मावशी, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतंय. लांबचं आहे. टॅक्सीवाल्याला परत परत पत्ता विचारत होते." मी म्हटलं, तू मशीनवर बसून टॅक्सीवाल्याचं बोलणं ऐकतेस होय? तर म्हणते, "मशीन पायाने चालतं मावशी, कान रिकामेच असतात." आणि बसली की आपल्या नव्या खुर्चीत, तमाशा बघायला. उठवली तिला. मोठी पिन घेऊन फिरते कमरेला, गादी फाटायची.

मग आली काठी. आधी काठी आत, मग चप्पल, मग बाई. बाईच्या मागे एक पोरगी, पाठीवर पिशवी, वेणीचं टोक दातात धरलेलं.

तू म्हणशील हे मला कशाला लिहितेस. फोन केला तर तू कापतेस. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढाच माझा हिशोब. वाच किंवा नको वाचू, मी लिहिते.

तुझा दादा आणि वहिनी नवी चाकं आणायला गेलेत, शनिवारी येतील. दुकानात मी एकटी. तुझ्या वेळी आपल्याकडून चाकाची खुर्ची न्यायचे ते आजाऱ्यासाठी, तोंडं पाडून. आता पाहुणे नेतात. शहर बघायचं असतं, पाय साथ देत नाहीत, मग चार दिवस खुर्ची भाड्याने घेतात आणि हसत हसत जातात. मला हे आवडतं. खुर्चीलाही आवडत असेल.

तर बाई म्हणाली, "कमरेचं हाड मोडलं होतं. नवीन बसवलंय. चालते मी, पण थोडंच. मला हे शहर सगळं बघायचंय, मरायच्या आधी."

पोरगी म्हणाली, "आजी, तू सगळं मरायच्या आधीच करतेस. परवा भोपळाही मरायच्या आधी चिरून घेतलास."

मी इतकी हसले की शिंपीण परत आली, काय झालं बघायला.

आता तुझ्या बाबांचा नियम तुला आठवतच असेल. जो ढकलणार त्याने आधी बसायचं. त्याशिवाय खुर्ची दाराबाहेर जात नाही. मी पोरीला बसवलं, पायपट्ट्या तिच्या उंचीला लावल्या आणि गल्लीत फिरवून आणली. खड्ड्यातून मुद्दाम नेली, म्हणजे बसलेल्याच्या पाठीला काय होतं ते कळावं. "आई गं" म्हणाली, पण उतरली नाही. मग नळाजवळच्या उतारावर आलो आणि मी सवयीने म्हटलं, "कान धर!"

तिने धरले. दोन्ही. खाड खाड.

भिंगरे, मी तिला ब्रेक कुठे असतात तेसुद्धा अजून दाखवलं नव्हतं. आणि खुर्चीच्या ब्रेकला कान म्हणतात हे आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे? तू एवढीशी होतीस, त्या दांड्यांना धरून म्हणालीस, खुर्चीचे कान. तेव्हापासून दुकानात कुणी ब्रेक म्हटलंच नाही. मी तिथेच उभी. पोरगी मान वर करून बघते माझ्याकडे आणि म्हणते, "माझी आईपण असंच म्हणते! सायकलच्या ब्रेकला."

मी म्हटलं, "सगळेच म्हणतात, बाळ."

हे पहिलं खोटं. तोंडातून असं सुटलं जसं काही तिथे तयारच बसलं होतं.

कळलं तुला आता पोरगी कोण आणि बाई कोण. तुझ्या सासूबाईंना मी काठी आली तेव्हा नाही ओळखलं, पण तोंड दिसलं तेव्हाच ओळखलं. त्यांनीही मला. पोरीसमोर आम्ही दोघी "अहो दुकानवाल्या" आणि "अहो बाई" करत होतो. पोरगी गादी निवडायला दुकानाच्या कोपऱ्यात गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही इकडे कशा? तिला कळलं तर..."

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या लेकीला शब्द देऊन आलेय. तुमच्या घरी पाऊल टाकणार नाही आणि पोरीला काही सांगणार नाही. टाकलंय का पाऊल? हे दुकान आहे."

"दुकानामागेच घर आहे."

"मागे आहे ना? मी पुढे आहे."

आणि खरंच सांगते, त्यांनी घराच्या पडद्याच्या आत पाऊल टाकलं नाही. चहा दारातच घेतला. मोरीला जायची वेळ आली तेव्हा काठी टेकत गल्ली ओलांडून शिंपिणीकडे गेल्या. शब्दाच्या पक्क्या आहेत तुझ्या सासूबाई, एवढं तुला मानावंच लागेल.

मी मात्र म्हणायला हवं होतं, खुर्ची न्या आणि जा. तुझं मन मला माहीत होतं. पण म्हटलं नाही.


बुधवार, संध्याकाळ

आज मी दुकान बंद ठेवलं.

झालं काय, की तुझ्या सासूबाई सकाळी आल्या आणि पोरीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अहो दुकानवाल्या, ढकलायला एखादं माणूस मिळेल का? हिच्या अंगात जीव नाही आणि तुमच्या शहरात चढच चढ." मी म्हटलं, "मिळेल की. मी आहे." पोरीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही? तुम्हीच पडाल." मी म्हटलं, बघू या कोण पडतं.

शिंपिणीला सांगितलं, कुणी विचारलं तर सांग दाताच्या डॉक्टरकडे गेले. ती म्हणते, "मावशी, दात आहेत कुठे तुम्हाला?" मी म्हटलं, तेच विचारायला गेले म्हणून सांग.

एक गंमत तुला सांगते, दादाला सांगू नकोस. खुर्चीच्या मुठी धरून चालताना माझे गुडघे दुखतच नाहीत. इतकी वर्षं मी त्या खुर्च्या लोकांना देतेय, आणि मला कधी सुचलं नाही की मागे उभं राहणाऱ्यालाही आधार असतो. नाहीतर गल्लीच्या टोकाशी जाऊन यायचं तर मी दोनदा बसते. आज तळ्यापर्यंत गेले. बसल्या तुझ्या सासूबाई आणि चालले मी, पण त्यांच्यामुळेच चालले.

शहर कसलं बदललंय गं! आणि खुर्चीवाल्याला ते सगळं मागच्या दाराने बघावं लागतं. संग्रहालयाला पुढे केवढ्या पायऱ्या, सिंह काय, कमानी काय. आम्हाला पाठवलं मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी, तिथे उतार आहे. पहारेकरी बिचारा चांगला होता, डबे स्वतः सरकवले. तुझ्या सासूबाई आत शिरताना म्हणाल्या, "राजाराणीचे दागिने बघायला निघालो आणि आधी त्यांचा केर बघितला." पोरगी हसली ती नाकातून हसली. फुरफुर. तू हसायचीस तशी.

मी ऐकायचं म्हणून मुद्दाम आणखी दोन विनोद केले. एकही चांगला नव्हता.

दुपारी सपाट रस्ता लागला तेव्हा पोरगी म्हणाली, "आता तुम्ही बसा, आजी जरा चालेल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तिला." मला लाज वाटली, पण बसले. आणि माझ्या नातीने मला ढकललं, भिंगरे. बोबडं बोलत होती तेव्हा शेवटची पाहिलेली. तिचे हात माझ्या पाठीमागे, आणि तिला माहीत नाही की ती कुणाला ढकलतेय. मी सगळा वेळ समोर बघत राहिले, कारण मागे वळून बघितलं असतं तर माझं तोंड तिला दिसलं असतं.

बसलं की माणसं उंच होतात आणि आपल्या डोक्यावरून बोलतात. तिकीटवाला माझ्याकडे न बघता पोरीला म्हणतो, "यांचं काढायचं का?" पोरगी म्हणाली, "त्यांना विचारा. त्यांना तोंड आहे." कुणावर गेलीय हे विचारायलाच नको.

तळ्याकाठी चहा पिताना तिने मला विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. लांब असते."

"येते का?"

"नाही. रागावलीय."

"का?"

आता काय सांगू? मी म्हटलं, "तिचे बाबा गेल्यावर तिने मला न्यायची तयारी केली. खोली रंगवली, कमी उंचीचा पलंग केला. मी गेले नाही. दुकान सोडवलं नाही मला. ती म्हणाली, मग तुला दुकानच लेक."

पोरीने विचार केला. "चूक कुणाची मग?"

"ते मी अजून ठरवलेलं नाही," मी म्हटलं. आणि आजही त्यावर तुझ्याशी भांडत नाही, ते भांडण वेगळं आहे.

"माझी आईपण अशीच आहे," पोरगी म्हणाली. "एकदा का तिने..." तेवढ्यात तुझ्या सासूबाईंना असा खोकला आला की शेजारच्या बाकावरच्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली.

तू तिकडे कामावर वाकलेली असशील. जेवलीस की नाही कोण जाणे. आणि आम्ही तिघी इकडे तळ्याकाठी पाय पसरून बसलेल्या, तुझ्या पाठीमागे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी तर उघड्या डोळ्यांनी प्यायले. उद्या जाणार नाही असं ठरवलंय.


शुक्रवार

गेले. काल पण गेले आणि आज पण.

तुझ्या सासूबाईंच्या मनगटाला पट्टी आहे. त्या तुला सांगतील की लॉजच्या न्हाणीघरात घसरल्या. न्हाणीघरात घसरल्या नाहीत त्या. माझ्या हातून लागलं.

तळ्याच्या वरच्या अंगाला टेकडी आहे ना, जिथून सगळं शहर दिसतं, तिथे गेलो होतो. चढताना पोरगी आणि मी दोघींनी मिळून ढकललं, शब्दाला शब्द लावत. वर वारा फार. पोरीची वेणी सुटली आणि केस तोंडावर यायला लागले. ती म्हणाली, "शी! घरी आई घालून देते."

मी म्हटलं, "मी घालून देऊ?"

आणि मुठी सोडल्या.

मी. दुकानात आयुष्य गेलं माझं. येणाऱ्या प्रत्येकाला बजावते, हात सोडायचा तर आधी कान धरा, मग सोडा. शेंबड्या पोराला समजतं ते. पण तिचे केस माझ्या हातात आले आणि मला दुसरं काही दिसेना. तीन पेड केले, अगदी सावकाश, लवकर संपू नये म्हणून. तुझे केस असेच होते, मानेपाशी कुरळे. तेवढ्यात मागून, "अहो! अहो दुकानवाल्या! अहो विहीणबाई!"

खुर्ची उताराला लागली होती.

मी ओरडले, "भिंगरे, कान धर! कान!"

पोरीला ओरडायचं होतं गं. तोंडात तू आलीस. दुकानात सगळा जन्म तुलाच ओरडले ना मी असं.

पोरगी धावली. अर्धी वेणी तशीच. खुर्चीच्या पुढे जाऊन आडवी झाली, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने कान ओढला. खुर्ची गर्रकन फिरली आणि कठड्याला लागली. तुझ्या सासूबाईंचा हात चाक आणि कठड्याच्या मध्ये सापडला. बाकी काही नाही. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरने फोटो काढून बघितलं, मुका मार आहे. पण सूज मोठी आहे आणि रंग वांग्यासारखा. कंबर पुन्हा गेली असती तर मी तुला कुठलं तोंड दाखवलं असतं? तसंही दाखवत नाहीच म्हणा.

पोरगी धापा टाकत उभी. आधी आजीचा हात बघितला, मग माझ्याकडे वळली.

"भिंगरी कोण?"

मी खुर्चीचा दुसरा कान ओढला.

"बाबा आईला चिडवायचं असलं की भिंगरी म्हणतात. आणि आजी, तू यांना विहीणबाई म्हणालीस."

तुझ्या सासूबाई मनगट धरून कळवळत होत्या, पण तशातही मला म्हणतात, "सांगा आता तुम्हीच. मी शब्द दिलाय. मी काही सांगितलेलं नाही."

मग मी सांगितलं. दोन वाक्यांत झालं सगळं. एवढंसंच होतं.

पोरीने आजीला हात धरून उठवलं, बाकावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही कान धरले. हाताची घडी घातली. "तुम्ही दोघींनी मिळून मला चार दिवस मूर्ख बनवलंत. आता दोघी चाला. मी उठणार नाही."

"अगं, माझी कंबर," एक म्हणाली.

"आणि माझे गुडघे," दुसरी म्हणाली.

"विचार आधी करायचा होता."

कितीतरी वेळ बसली तशी. लोक बघत होते, की धडधाकट पोर खुर्चीत आणि दोन म्हाताऱ्या तिची विनवणी करतायत. शेवटी तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "नवीन हाडावर बसून बसून मला मुंग्या आल्यात. राग खाली गेल्यावर पुरा कर." तेव्हा ती फुरफुरली. आणि उठून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला कळेना काय हवंय. तर म्हणते, "अर्धीच राहिलीय ना वेणी."


रविवार, सकाळ

त्या दोघी काल गेल्या. दादा आलाय. खुर्चीच्या दांडीवरचा ओरखडा बघून त्याने विचारलं, मी म्हटलं गिऱ्हाईकाने केला. हे पत्र टाकून आले की त्याला खरं सांगणार आहे. आधी तू.

खरं तर लिहायचं नाही असं ठरलं होतं. तिघींनी मिळून ठरवलं, डॉक्टरच्या बाकड्यावर बसून. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीघर म्हणायचं. माझा शब्द मोडलेला नाही, मग उगाच घरात वादळ कशाला?" मी मान हलवली. मलाही तेच हवं होतं. पोर पुन्हा येणार असेल तर मी न्हाणीघर काय, विहीर म्हणाले असते.

पण पोरगी म्हणाली, "नुसतं न्हाणीघर म्हटलं तर आई विश्वास ठेवणार नाही. ती विचारेल कसं. साबण म्हणायचं. हिरवा साबण, लॉजवाल्याने दिलेला, कागद ओला होऊन जमिनीला चिकटला होता. आणि मी बाहेर मोबाईल बघत होते म्हणायचं, म्हणजे ती माझ्यावर चिडेल आणि आजीला फार विचारणार नाही."

तुझ्या सासूबाई कौतुकाने हसल्या. मीही हसले. आणि मग घरी येऊन पडदा ओढला, चहा ठेवला, आणि तो हिरवा साबण काही डोळ्यांपुढून जाईना. केवढी हुशार आहे. कुठे चिडशील, कुठे विचारायची थांबशील, सगळं माहीत आहे तिला तुझं. आणि ते सगळं तिने तुलाच फसवायला लावलं. माझ्यासाठी. आठवडाभरापूर्वी ती तुझ्याशी असं वागत होती का? नसेल. तुझ्याकडे माणसं तोंडावर बोलतात, ती मला तोंडावर बोललीच की टेकडीवर. आजी म्हणून मी तिला काही दिलं असेल तर हेच दिलं बघ, आईशी खोटं कसं बोलायचं.

माझ्याशी तू बोलत नाहीस, पण खोटंही कधी बोलली नाहीस. तोंडावर दार लावलंस, पण ते दारच होतं. तुझ्या घरात मी मागच्या दाराने शिरले, केराचे डबे सरकवून.

म्हणून लिहिलं. साबण नव्हता. पोरगी मोबाईल बघत नव्हती, तिने धावत जाऊन आजीला वाचवलं, कठड्याला लागून तिचं कोपर सोलवटलंय ते बघ. बाही लांब घालेल ती, वर करायला लाव. तिला रागावू नकोस. सासूबाईंनाही नको, त्यांनी पाऊल टाकलं नाही हे खरंच आहे, शिंपीण साक्षीला आहे. मला रागाव. मी आनंदात होते, भिंगरे, हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. तुला दुखवून करत होते हे मला क्षणोक्षणी माहीत होतं आणि तरी रात्री पडल्यावर हसू येत होतं. अजूनही येतं, आत्ता लिहिताना.

तब्येतीला जप. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

एक राहिलं. त्या परत यायचं म्हणाल्यात. सासूबाई म्हणाल्या, "खुर्चीसाठीच हो, घरी नाही." दिवस पोरीनेच ठरवला, आणि तुला सांगायचा नाही असंही तिनेच ठरवलं. म्हणून लिहिते. तुला अडवायचं असेल तर तुला आधी माहीत असायला हवं. तिची परीक्षा संपल्यावरचा पहिला शनिवार, सकाळची गाडी.